अंगठा आजोबांचा, मजकूर कोणाचा?

शहादा मागे पडले की सातपुड्याच्या रांगा समोर उभ्या राहतात. सात पायरीचा नागमोडी घाट चढून आपण तोरणमाळला पोहोचतो तेव्हा समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअकराशे मीटर उंचीवर आलेलो असतो. नंदुरबार जिल्ह्याच्या अक्राणी तालुक्यातील हे ठिकाण. बाहेरची माणसे येथे येतात ती यशवंत तलाव आणि सीताखाईचा कडा पाहायला, नाहीतर महाशिवरात्रीला गोरखनाथाच्या यात्रेला. आम्ही गेलो होतो मुलांना भेटायला. आश्रमशाळेतील मोठ्या वर्गांतील मुला-मुलींशी ‘शिक्षणानंतर काय?’ या विषयावर बोलावे, एवढाच आमचा हेतू होता.

फळ्यावर आम्ही नेहमीची यादी लिहिली. शिक्षक, परिचारिका, पोलीस, तलाठी, अभियंता, डॉक्टर. मुले शांतपणे वहीत उतरवून घेत होती. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक पावरा मुलगा उभा राहिला. बराच वेळ धीर गोळा करून म्हणाला, “सर, माझ्या आजोबांनी बियाण्यासाठी पैसे घेतले होते. त्यांनी कोऱ्या कागदावर अंगठा दिला. नंतर त्याच कागदावर जमीन विकल्याचं लिहिलेलं निघालं. आजोबा अजून सांगतात, अंगठा माझाच आहे. मग वरचं कोणी लिहिलं, कधी लिहिलं, हे ओळखणारं कोणी असतं का?”

वर्ग एकदम गप्प झाला. अशी गोष्ट त्या वर्गातील अनेक घरांत घडली असावी, हे मुलांच्या चेहऱ्यांवरून आम्हांला समजले. असतो, असा माणूस असतो, एवढेच उत्तर आम्ही त्या दिवशी देऊ शकलो. घाट उतरताना मात्र आम्हांला ते उत्तर अपुरे वाटत राहिले. त्या मुलाला आणि त्याच्यासारख्या आपल्या घरोघरच्या मुला-मुलींना पूर्ण उत्तर मिळावे म्हणून हा लेख.

कागदाचा मार जुना आहे

वाचकहो, ज्याला वाचता येत नाही त्याच्यावर कागदाने केलेला वार दिसत नाही, पण तो पिढ्यान्‌पिढ्या पुरतो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले. तो उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. या शेतकऱ्यांचा रोख कशावर होता? कर्जरोखे, खतपत्रे आणि वह्या यांच्यावर. अनेक ठिकाणी त्यांनी ते कागद मागून घेतले आणि जाळले. आपले घर-शिवार कोणी गिळले हे त्यांना नेमके ठाऊक होते.

त्यानंतर सरकारने १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी साहाय्य कायदा केला. त्यात शेतकऱ्याचा दस्त गावच्या निबंधकासमोर लिहिला जावा अशी तरतूद होती. म्हणजे अंगठा देणाऱ्याला वरचा मजकूर समजला पाहिजे, ही गोष्ट कायद्याला तेव्हाच मान्य करावी लागली. सातपुड्याच्या पायथ्याशी मात्र पुढची शंभर वर्षे कागद बोलत राहिला आणि माणूस गप्प राहिला. १९७० च्या दशकात शहादा भागात अंबरसिंग सुरतवंती यांच्यासारखे आदिवासी कार्यकर्ते आणि श्रमिक संघटना उभी राहिली, तेव्हा कुठे गेलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आला. १९७४ चा आदिवासींना जमिनी परत करण्याचा राज्याचा कायदा त्याच काळातला. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासींच्या हातून बिगर-आदिवासींकडे गेलेल्या जमिनी परत मिळण्याची वाट त्याने मोकळी केली.

पण कायदा झाला तरी कचेरीत आणि कोर्टात प्रश्न उरतोच. हा कागद खरा की खोटा? सही कोणाची? हा आकडा आधीचा की मागाहून घातलेला? या प्रश्नांची शास्त्रीय उत्तरे शोधणाऱ्याला हस्ताक्षर तज्ज्ञ किंवा दस्तऐवज परीक्षक म्हणतात.

अंगठ्याचे शास्त्र आपल्याच देशातले

आधी अंगठ्याबद्दल बोलू. १८५८ साली बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने कोनाई नावाच्या ठेकेदाराकडून एका करारावर सहीबरोबर हाताचा ठसा घेतला. पुढे माणसाने आपली सही नाकारू नये, आपले निवृत्तिवेतन दुसऱ्याने उचलू नये, यासाठी ही पद्धत उपयोगी पडते असे त्याच्या लक्षात आले. १८९७ साली कलकत्त्यात अंगुलिमुद्रा कार्यालय सुरू झाले. ठशांचे वर्गीकरण करण्याच्या ज्या पद्धतीला एडवर्ड हेन्री या साहेबाचे नाव मिळाले, तिचे अवघड गणित बसवले होते अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय कर्मचाऱ्यांनी. काम कोणाचे आणि नाव कोणाचे, हा अनुभव आपल्याला नवा नाही. म्हणून ही दोन नावे मुलांना जरूर सांगावीत.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याने हस्ताक्षराबाबत तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरले होते. बोटांच्या ठशांचा उल्लेख त्यात १८९९ साली आला. आज त्या कायद्याच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्यातही तज्ज्ञाच्या मताला स्थान आहे.

पण येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. अंगठा कोणाचा, हे ठसा सांगतो. त्या माणसाने काय कबूल केले, हे ठसा सांगत नाही. तोरणमाळच्या त्या आजोबांचा अंगठा खराच होता, आणि म्हणूनच ते फसले. ठशाचा तज्ज्ञ एवढेच म्हणेल की होय, अंगठा यांचाच. पुढचे काम दस्तऐवज परीक्षकाचे असते.

अक्षर ओळखतात कसे?

अनेकांना वाटते की हा तज्ज्ञ भिंग लावतो, दोन सह्या शेजारी ठेवतो आणि सारख्या दिसल्या की खऱ्या म्हणतो. प्रत्यक्षात उलट आहे. कोणताही माणूस आपली सही दोनदा अगदी तंतोतंत सारखी करीत नाही. दोन सह्या एकमेकींवर ठेवल्या आणि केसाचाही फरक दिसला नाही, तर एक सही दुसरीवरून गिरवली असावी असा संशय घ्यावा लागतो. म्हणून तज्ज्ञ सारखेपणाबरोबर लिहिणाऱ्याच्या सवयी शोधतो, आणि त्या सवयी किती मर्यादेत बदलतात ते पाहतो.

आपल्या देवनागरीतच पाहा. कोणी शिरोरेघ शब्द संपल्यावर एका झटक्यात ओढतो, कोणी प्रत्येक अक्षराला वेगळी देतो, कोणी देतच नाही. वेलांटी कोठून उचलली, काना शिरोरेघेच्या वर गेला की नाही, अनुस्वाराचा ठिपका अक्षरावर की पुढच्या अक्षराकडे सरकलेला, उकाराचा गळ किती खोल, ही सर्व त्या हाताची खूण असते. ‘ल’ पाकळीचा की दंडाचा, ‘श’ देठाचा की दुसऱ्या वळणाचा, यावरून लिहिणारा कोणत्या शाळेत आणि कोणत्या काळी शिकला याचाही अंदाज येऊ शकतो. २००९ साली राज्य शासनाने प्रमाण वर्णमाला ठरवताना पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ पुन्हा मान्य केला. त्याआधी बरीच वर्षे छापील पुस्तकांत दुसरे वळण रुळले होते. आकड्यांचेही तसेच. ५, ८ आणि ९ काढण्याच्या पद्धती घरागणिक निराळ्या सापडतात.

खोटी सही करणारा माणूस चित्र काढल्यासारखा लिहितो. त्याचे लक्ष अक्षराच्या आकाराकडे असते, त्यामुळे वेग सुटतो. रेघेत बारीक कंप येतो. जेथे खरा माणूस लेखणी उचलत नाही तेथे हा उचलतो, आणि जेथे उचलायला हवी तेथे थांबून विचार करतो. थांबल्या जागी शाईचा ठिपका पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली हे सारे दिसते. आजारी किंवा वृद्ध माणसाच्या हातालाही कंप असतो, पण तो सगळ्या लिखाणात असतो. खोट्या सहीतला कंप अवघड वळणांवरच वाढतो. हा फरक ओळखणे हीच खरी परीक्षा.

तुलनेसाठी दोन प्रकारचे नमुने लागतात. एक, त्या माणसाने वाद उपस्थित होण्यापूर्वी आपल्या व्यवहारात लिहिलेले कागद. दोन, तपासासाठी त्याच्याकडून मुद्दाम लिहून घेतलेले. आरोपीकडून असा नमुना घेणे म्हणजे त्याला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला लावणे आहे काय? ‘मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघड’ या खटल्यात हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. खून खटल्यातील एक चिठ्ठी आरोपीच्या हातची आहे का, हे ठरवण्यासाठी त्याच्याकडून नमुने घेतले होते. अकरा न्यायाधीशांच्या पीठाने १९६१ साली निर्णय दिला की हस्ताक्षराचा नमुना देणे म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष देणे नव्हे. आज हा नमुना मागण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्यांना कायद्यानेच दिला आहे.

कागद आणि शाई काय सांगतात

आता त्या आजोबांच्या प्रश्नाकडे येऊ. कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन वर मजकूर मागाहून भरला असेल तर खुणा राहतात. लिहिणाऱ्याला ठरावीक जागेत सारे बसवायचे असते. मग वरच्या ओळी ऐसपैस आणि अंगठ्याजवळ आल्यावर अक्षरे दाटीवाटीने, असे होते. किंवा उलट, मजकूर थोडा असतो म्हणून ओळी उगाच लांबवलेल्या असतात. एखादी रेघ अंगठ्याच्या शाईला छेदत असेल तर कोणती शाई वर आणि कोणती खाली, हे पाहण्याचा प्रयत्न करता येतो. कागदाची घडी आधी पडली आणि लिखाण नंतर झाले, तर घडीच्या तुटलेल्या तंतूंत शाई पसरते.

डोळ्यांना एकाच काळ्या रंगाच्या दिसणाऱ्या दोन शाया अवरक्त प्रकाशात वेगळ्या दिसतात. एक नाहीशी होते, दुसरी ठळक राहते. १,००० चे ७,००० केले असतील तर तो वरचा फटकारा अशा वेळी उघडा पडतो. अतिनील प्रकाशात खोडलेल्या जागेचा डाग दिसू शकतो. वरच्या पानावर लिहिताना खालच्या पानावर उठलेले दाब वाचण्याचे यंत्र १९७० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडात तयार झाले. डोळ्यांना पान कोरे दिसते, पण यंत्र त्यावरचा मजकूर उठवून दाखवते.

काळाचीही साक्ष असते. आजचे बॉलपेन दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४५ पासून बाजारात आले. १९३० सालची म्हणून दाखवलेली नोंद बॉलपेनने लिहिलेली असेल तर पुढे काही सांगायची गरज उरत नाही. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून घालण्यात येणारी द्रव्ये १९५० च्या सुमारास वापरात आली. अतिनील प्रकाशात ती निळसर चमकतात. मुद्रांक कोणत्या तारखेला, कोणाला विकला, याची नोंद असते, ती पाहावी लागते. मात्र शाई अमुकच महिन्यातील आहे असे छातीठोकपणे सांगणाऱ्यापासून सावध राहावे. शास्त्र अद्याप तेवढे सोपे झालेले नाही.

महाराष्ट्रात आणखी एक विद्या लागते, ती मोडी लिपीची. जुने जमिनीचे कागद, गावचे दप्तर आणि जुनी शाळेची रजिस्टरे मोडीत सापडतात. लेखणी न उचलता अक्षरामागून अक्षर ओढत जाण्याची तिची रीत. शब्द कोठे संपला हेच नवख्याला कळत नाही. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे प्रशिक्षण वर्ग घेते. आपल्या मुलांनी तिकडे वळावे. आपल्या वाडवडिलांची नावे त्या दप्तरांत झोपलेली आहेत.

दाखल्यातील एक जादा शब्द

सर्वांत जिव्हाळ्याचा प्रश्न जातीच्या दाखल्याचा. राखीव जागेवरचे प्रमाणपत्र पडताळणी समितीकडे जाते. तेथे अर्जदाराच्या वडिलांचे, आजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले, शाळेचे जनरल रजिस्टर आणि कोतवाल बुकाच्या नकला तपासल्या जातात. अनुसूचित जमातींच्या दाव्यांसाठी नंदुरबारलाही अशी समिती आहे. येथेच खोट्या कागदाचा सुळसुळाट होतो. रजिस्टरात जातीच्या रकान्यात मुळात एकच शब्द असतो. त्याच्या आधी दुसरा एक शब्द बारीक अक्षरात, वेगळ्या शाईने घुसवला जातो, आणि यादीत नसलेली जात यादीतली जमात होऊन बसते.

अशा घुसवलेल्या एका शब्दाची किंमत किती? तोरणमाळ-धडगावच्या डोंगरातील एका मुलीची वैद्यकीय महाविद्यालयातील जागा. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. एवढ्या अंधारातून वर आलेल्या मुलीची जागा शाईच्या एका फटकाऱ्याने जाते, आणि ती कोणी नेली हे तिला कधी समजतही नाही.

१९९४ साली ‘कुमारी माधुरी पाटील’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्या आणि त्यांना जोडून दक्षता पथके कशी असावीत याचे निर्देश दिले. तो खटलाही महाराष्ट्रातीलच, जमातीच्या दाव्यावरून उद्भवलेला. त्यानंतर राज्याने २००० चा जात प्रमाणपत्र कायदा केला. दावा सिद्ध करण्याची जबाबदारी त्यात अर्जदारावर आहे. ६ जुलै २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की खोट्या दाव्यावर मिळवलेली नोकरी, नोकरीची बरीच वर्षे झाली एवढ्यावरून टिकू शकत नाही. त्यापाठोपाठ डिसेंबर २०१९ मध्ये राज्य शासनाने जमातीचे दावे अवैध ठरलेल्या कर्मचाऱ्यांना अधिसंख्य पदांवर घेऊन मूळ राखीव जागा मोकळ्या करण्याचा निर्णय घेतला.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रजिस्टरातली प्रत्येक खाडाखोड ही लबाडी नसते. १९५६ नंतर आपल्या कितीतरी घरांत जुनी नोंद दुरुस्त करून ‘बौद्ध’ लिहून घेतले गेले. कोठे ते रीतसर आदेशाने झाले, कोठे मुख्याध्यापकांनी आपुलकीने स्वतःच्या हाताने केले. आज नातू पडताळणीला जातो तेव्हा ती दुसरी शाई त्याच्या वाटेत उभी राहते. अशा वेळी परीक्षकाचे काम फक्त ‘शाई वेगळी आहे’ एवढे सांगून संपत नाही. ती दुरुस्ती उघड केलेली आहे की लपवून, शेजारी सही-शिक्का आहे काय, त्याच पानावर इतरांच्या नोंदींतही तशाच दुरुस्त्या आहेत काय, याची नोंद त्याने प्रामाणिकपणे करावी लागते. गरिबाचा खरा दावा आणि लबाडाचा खोटा दावा यांच्यात फरक करणारी ती नजर असते.

तज्ज्ञच चुकला तर?

चुकला तर निरपराध माणूस तुरुंगात जातो. १८९४ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड ड्रायफस या ज्यू सैनिकी अधिकाऱ्यावर शत्रूला गुपिते पुरवल्याचा आरोप आला. पुरावा म्हणजे एक चिठ्ठी. पोलिसांतील नामांकित आल्फोन्स बर्टिलॉन हा खरा हस्ताक्षर तज्ज्ञ नव्हता, तरी त्याने अक्षर ड्रायफसचेच आहे असे ठासून सांगितले. अक्षरात फरक दिसला तेव्हा ‘त्याने मुद्दाम आपलेच अक्षर बदलले’ असा तर्क लढवला. ड्रायफसला दूरच्या बेटावर डांबले. चिठ्ठी एस्टरहाझी या दुसऱ्याच अधिकाऱ्याची होती. ड्रायफस निर्दोष ठरायला १९०६ साल उजाडले. गुन्हेगार कोण हे जातीवरून, धर्मावरून आधीच ठरवले की भिंगातूनही तेच दिसते, हा त्याचा धडा. तो आपल्या समाजाला वेगळा समजावून सांगायला नको.

दुसरा धडा १९८३ चा. जर्मनीत हिटलरच्या रोजनिश्या सापडल्याचा गाजावाजा झाला. हस्ताक्षर तपासणाऱ्यांनी आधी त्या खऱ्या ठरवल्या. कारण तुलनेला दिलेल्या नमुन्यांतही त्याच लबाडाने बनवलेले कागद मिसळलेले होते. शेवटी कागदातील पांढरेपणाच्या द्रव्याने बिंग फोडले. नमुनाच खोटा असेल तर सर्वांत हुशार डोळाही फसतो.

१९७९ साली मुरारीलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की हस्ताक्षर तज्ज्ञाच्या मताला प्रत्येक वेळी दुसऱ्या पुराव्याची जोड हवीच असा कायदा नाही. तरीही सावधपणे पाहावे आणि मतामागची कारणे तपासावीत. ज्याला कारण देता येत नाही त्याचे मत कितीही मोठ्या खुर्चीतले असले तरी हलके ठरते.

येथे एक इशाराही द्यावासा वाटतो. अक्षरावरून स्वभाव, भाग्य, लग्नाचा जोडीदार सांगणारे बाजारात पुष्कळ आहेत. त्या प्रकाराचा या शास्त्राशी संबंध नाही. तो भविष्याचाच एक प्रकार आहे. आपण पत्रिका सोडल्या, तर त्या अक्षराच्या रूपाने घरात परत आणू नयेत.

या वाटेला जायचे कसे?

आपल्या देशात हे पद जुने आहे. १९०४ साली बंगालमध्ये महालेखापाल कार्यालयातील सी. आर. हार्डलेस यांची सरकारी हस्ताक्षर तज्ज्ञ म्हणून नेमणूक झाली, आणि १९०६ साली हे काम सिमल्याला गुन्हे अन्वेषण खात्यात गेले. आज महाराष्ट्रात पुण्याला राज्य गुन्हे अन्वेषण विभागात दस्तऐवज परीक्षकांचे कार्यालय आहे. केंद्र सरकारच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळांपैकी एक पुण्यातच आहे. बँका, विमा कंपन्या आणि वकील यांच्यासाठी खासगी काम करणारेही आहेत.

बारावीला विज्ञान शाखा घ्यावी. त्यानंतर भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा न्यायसहायक विज्ञानातील पदवी आणि मग पदव्युत्तर पदवी. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरला मुख्यालय असलेले राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठ २०२० च्या कायद्याने स्थापन झाले. सरकारी पदांच्या जाहिराती निघतात तेव्हा अर्हता आणि अनुभवाची अट अक्षर न् अक्षर वाचावी. शिष्यवृत्ती आणि वसतिगृह यांची चौकशी प्रवेशाआधीच करावी.

पदवी मिळाली म्हणजे तज्ज्ञ झालो, असे नाही. ज्येष्ठ परीक्षकाच्या हाताखाली वर्षानुवर्षे शेकडो कागद पाहावे लागतात. मग कोर्टात उभे राहावे लागते. समोरचा वकील तासन्‌तास उलटतपासणी घेतो. “तुम्ही कधी चुकलात का?” असे विचारतो. जो ‘कधीच नाही’ म्हणतो तो तेथेच हरतो. ‘माहीत नाही’, ‘या कागदावरून सांगता येत नाही’ असे म्हणण्याचे धैर्य या धंद्यात शिकावे लागते. ज्या मुलीला आवाज चढवता येत नाही पण कारण सोडता येत नाही, तिच्यासाठी हे काम उत्तम आहे.

संगणकाच्या काळात सही राहणार तरी का, असे कोणी विचारेल. धनादेश, मृत्युपत्र, भाडेकरार, परीक्षेची उत्तरपत्रिका, शाळेचे रजिस्टर हे सारे अजून हातानेच लिहिले जाते. शिवाय नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याने सात वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणे आवश्यक केले आहे. त्यामुळे या शास्त्रातील माणसांची गरज वाढणारच. आणि अंगठा तर परत आला आहे. रेशनच्या दुकानातील यंत्रावर आज कोट्यवधी माणसे तो टेकवतात. कष्टाने झिजलेल्या बोटांची रेघ यंत्राला वाचता येत नाही, तेव्हा घरातील म्हातारीला धान्यासाठी पुन्हा रांगेत उभे राहावे लागते.

घरोघरी एवढे तरी करावे

तज्ज्ञ होईपर्यंत थांबायला नको. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा कोणालाही, अगदी नातेवाइकालाही देऊ नये. मजकूर वाचून घ्यावा, रिकाम्या जागा रेघ ओढून बंद कराव्यात, आकडा अक्षरांतही लिहावा. जुना कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करून घेऊ नये, कारण मग त्याची तपासणी अवघड होते. मूळ कागद जपावा, कारण झेरॉक्सवरून शाई, दाब, खोडाखोड यांची नीट तपासणी होत नाही. दाखल्यात चूक असेल तर स्वतः पेन लावू नये. शाळेकडे अर्ज करून शिक्षण खात्याच्या मंजुरीनेच ती दुरुस्त करून घ्यावी आणि आदेशाची प्रत सांभाळावी. आणि घरातील वृद्धांच्या जुन्या सह्या, पत्रे, पासबुके फेकू नयेत. उद्या त्यांच्या नावाने कोणी कागद काढला तर तुलनेला तोच नमुना उपयोगी पडेल.

तोरणमाळहून निघताना तो मुलगा आम्हांला गाडीपर्यंत सोडायला आला. वहीचे एक पान पुढे करून म्हणाला, “सर, त्या नोकरीचं नाव लिहून द्या.” आम्ही लिहिले, ‘दस्तऐवज परीक्षक’. त्याने ते मोठ्याने वाचले आणि खाली स्वतःच्या हाताने तारीख घातली. त्याच्या आजोबांना त्यांचाच अंगठा दाखवून गप्प बसवले गेले. नातू उद्या भिंग हातात घेऊन त्याच प्रकारच्या कागदासमोर बसला, तर त्याने सूड घेऊ नये. फक्त जे दिसते ते लिहावे, आणि कारण द्यावे. आपल्या माणसांना आजवर न्याय मिळाला नाही, कारण कागद वाचणाऱ्या खुर्चीत आपला माणूस नव्हता. त्या खुर्चीकडे जाणारी वाट आता आपल्या मुला-मुलींना ठाऊक झाली आहे. पालकांनी आणि शिक्षकांनी त्यांना त्या वाटेवर चालायला बळ द्यावे, एवढेच आमचे मागणे.